पतीच्या नावाने कर्करोग संशोधनाला पुरस्कार: कायमची ठेव की मुदतीचा निधी?

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. दीड वर्षापूर्वी तुमचे यजमान स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. ते ज्या विद्यापीठात शिकले, तिथे कर्करोगावर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू व्हावा अशी तुमची इच्छा आहे. विद्यापीठाच्या देणगी विभागाने अक्षयनिधीचा प्रस्ताव दिला आहे. मुद्दल कायम गुंतवलेलं राहील आणि दरवर्षी त्याच्या ४ टक्के रक्कम पुरस्कार म्हणून दिली जाईल. तुम्ही द्यायची ठरवलेली रक्कम तुमच्या एकूण गुंतवणुकीचा चौथा हिस्सा आहे. तुमचं वय ६१, घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही, पण पेन्शनही नाही. मुलगा म्हणतो, आत्ता देऊ नकोस, मृत्युपत्रात लिहून ठेव. तुम्हाला ती टाळाटाळ वाटते. आत्ता देऊ का, आणि कायमच्या ठेवीतच देऊ का, असं तुम्ही विचारलं आहे.

खरे आकडे छापू नका असं तुम्ही कळवलंय, म्हणून देणगीच्या रकमेला १०० धरतो. त्या मापात तुमची एकूण गुंतवणूक ४००, वर्षाचा घरखर्च १५, आणि तुमचं विद्यापीठ पीएचडीच्या विद्यार्थ्याला देतं ते विद्यावेतन वर्षाला १२, म्हणजे महिन्याला १.

माझं मत असं: द्या, आणि मृत्यूनंतर नव्हे, हयातीतच द्यायला सुरुवात करा. पण आत्ता १०० नको, ४० द्या. आणि ते अक्षयनिधीत घालू नका.

आधी तुमची बाजू बघू. आज तुम्ही ४०० मधून १५ काढता, म्हणजे पावणेचार टक्के. १०० दिलेत की उरलेल्या ३०० मधून तेच १५ काढावे लागतील, म्हणजे ५ टक्के. फरक छोटा दिसतो, पण हे पैसे तुम्हाला ३० वर्षं पुरवायचे आहेत. निवृत्त माणसाने जमा पुंजीतून दरवर्षी किती काढावं याचा हिशेब अमेरिकी सल्लागार विल्यम बेन्गेन यांनी १९९४ साली तिथल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून मांडला. पहिल्या वर्षी साधारण ४ टक्के काढले आणि मग महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर पैसे ३० वर्षं टिकले, असं त्यात दिसलं. पुढे त्यांनी स्वतःच हा आकडा थोडा वर नेला, आणि प्रत्येक देशाचा बाजार वेगळा असतो, त्यामुळे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. तरी ५ टक्के हा आकडा मला एकट्या राहणाऱ्या, पेन्शन नसलेल्या माणसासाठी पटत नाही. यजमानांच्या आजारपणात किती पैसा गेला ते तुम्ही पत्रात लिहिलंच आहे. तशीच वेळ तुमच्यावर आली तर ते पैसे याच पुंजीतून येणार आहेत.

आता एक गोष्ट बघा. विद्यापीठ स्वतः आपल्या ठेवीतून दरवर्षी ४ टक्केच काढतं. ठेव टिकवायची तर त्याहून जास्त काढता येत नाही, असा त्यांचा हिशेब आहे. जी शिस्त विद्यापीठ स्वतःच्या पैशाला लावतं, ती तुमच्या पैशाला का नको? ४० दिलेत तर तुमच्याकडे ३६० उरतात आणि काढायचं प्रमाण ४.२ टक्क्यांच्या आसपास राहतं. तेवढं पेलवेल, आणि बाजार पडला तर खर्च थोडा आवरून सावरताही येईल.

आता १०० च्या अक्षयनिधीतून मिळतं किती ते पाहू. वर्षाला ४. म्हणजे एका विद्यार्थ्याचं चार महिन्यांचं विद्यावेतन. तेही लगेच नाही, कारण बहुतेक ठिकाणी ठेव गुंतवून वर्षभर झाल्यावरच पहिला पुरस्कार देता येतो. ४ टक्क्यांच्या वरचा परतावा मुद्दलात परत जातो का, हे प्रस्तावात लिहिलेलं नाही आणि ते आधी विचारायला हवं. मुद्दल महागाईबरोबर वाढलं नाही आणि पुरस्कार ४ वरच अडकून राहिला, तर वर्षाला ५ टक्के महागाई धरली तरी २० वर्षांनी त्या ४ ची किंमत आजच्या दीडइतकीच राहते. दीड महिन्याचं विद्यावेतन. नाव फलकावर तेच राहील, पण तोवर त्या पुरस्काराने कुणाचं काही अडणारही नाही आणि भागणारही नाही. शिवाय व्यवस्थापनाचं शुल्क त्याच ४ टक्क्यांतून कापतात की वेगळं, आणि बाजार पडून ठेव मूळ रकमेखाली गेली तर त्या वर्षी पुरस्कार थांबवतात का, हेही विचारा. अनेक संस्था थांबवतात. त्यात गैर काही नाही, पण देणाऱ्याला ते आधी ठाऊक असावं.

मोठ्या रकमांसाठी अक्षयनिधी उत्तम. एका विद्यार्थ्याचं पूर्ण विद्यावेतन कायम द्यायचं तर ४ टक्क्यांच्या हिशेबाने ३०० लागतील. तेवढी ठेव असेल तर मी स्वतः तोच मार्ग सुचवेन.

मग ४० चं काय करायचं? मी म्हणेन, मुदतीचा निधी करा, मुद्दलासकट खर्च होऊन संपणारा. वर्षाला ५ प्रमाणे आठ वर्षं. उरलेली रक्कम सुरक्षित ठेवीत राहिली तर तिच्या व्याजातून विद्यावेतनातली वाढ बऱ्यापैकी भरून निघेल. दरवर्षी एका विद्यार्थ्याला पाच महिन्यांचं विद्यावेतन, असे आठ विद्यार्थी. १०० च्या ठेवीतून वर्षाला चार महिने मिळणार होते, हे लक्षात घ्या. खरं सांगायचं तर दहा वर्षांनंतर अक्षयनिधीची एकूण बेरीज याच्या पुढे जाते, कारण तो संपत नाही. हा मुद्दा मी लपवत नाही. पण ते पाच महिने कोणते, यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथे थोडं सविस्तर लिहितो.

पीएचडीचं विद्यावेतन ठराविक वर्षांचं असतं. प्रयोगांना ते वर्षांचं गणित समजत नाही. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत तर मुळीच नाही. पेशी वाढवायच्या तर दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावं लागतं, सुट्टी असो वा सण. त्या पेशींत मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू शिरला तर नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, द्रावण गढूळही होत नाही. सगळं स्वच्छ दिसत असतं आणि आकडे मात्र हळूहळू बिघडत असतात. लक्षात येतं तेव्हा काही महिन्यांचं काम टाकून द्यावं लागतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा अभ्यास ज्या जनुकबदल केलेल्या उंदरांवर होतो, त्यांच्यात गाठ तयार व्हायलाच महिने लागतात. औषध दिलेला गट, न दिलेला गट, मग शोधनिबंधाचा परीक्षक म्हणतो हाच प्रयोग आणखी एकदा करून दाखवा. विद्यार्थ्याची मुदत संपते ती नेमकी इथे. निष्कर्ष हातात, शोधनिबंध अर्धा, प्रबंध लिहायचाय, आणि खात्यात पैसे येणं बंद.

या टप्प्यावर काही जण शिकवण्या घेतात, काही मिळेल ती नोकरी धरतात आणि प्रबंध रात्रीवर ढकलतात. घरून मदत मिळणारा तरतो. ज्याच्या घरून उलट पैशांची वाट बघतात, तो सोडून देतो. चार वर्षांत त्याच्यावर झालेला सगळा खर्च, विद्यापीठाचा, सरकारचा, कुणाकुणाच्या देणग्यांचा, या शेवटच्या पाच महिन्यांपायी वाया जातो. पुरस्कार देणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला पैसे द्यायला आवडतं, हुशार नवा विद्यार्थी निवडायला. शेवटच्या टप्प्यासाठी देणारे फार थोडे. तुमचे ५ तिथे पडले तर एक पीएचडी पूर्ण होईल. सुरुवातीला पडले तर चांगल्या विद्यार्थ्याच्या मिळकतीत थोडी भर पडेल, एवढंच.

मुदतीचा पैसा संपतो म्हणून त्याचं कामही संपतं, असं नाही. कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. १९४९ साली मुंबई विद्यापीठातून पीएचडी झाल्यावर त्या फेलोशिपवर अमेरिकेला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हीला पेशींची ओळ, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या माणसाच्या पेशींची पहिली ओळ, १९५१ साली याच गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. रणदिवे पेशीसंवर्धनाचं तंत्र शिकून परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. फेलोशिप केव्हाच संपली होती, तिथे शिकलेलं पुढच्या पिढ्यांच्या हाती गेलं.

तुम्ही एक अट घालायचं म्हणताय, की पुरस्कार फक्त स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या औषधासाठी असावा. त्यामागची ओढ मला कळते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२४ च्या अहवालात या कर्करोगात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण तिथे १३ टक्के दिलंय. तरीही ही अट सैल करा. या कर्करोगाच्या ९० टक्क्यांहून जास्त गाठींत केरास नावाच्या जनुकात बिघाड असतो. केरास ज्या गटातलं आहे, त्या रास गटातल्या जनुकांचा माणसाच्या कर्करोगात हात आहे हे १९८२ च्या सुमारास कळलं. त्यानंतर जवळपास तीस वर्षं या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला औषध चिकटायला जागाच नाही, असं मानलं जात होतं. २०१३ साली कॅलिफोर्नियात केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेने ती जागा दाखवली, आणि त्या शोधनिबंधाचा पहिला लेखक विद्यार्थी होता. २०२१ साली त्या वाटेवरचं सोटोरासिब हे औषध मंजूर झालं, तेही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी, कारण केरासच्या ज्या रूपावर ते चालतं ते स्वादुपिंडात क्वचितच सापडतं. तो विद्यार्थी तुमच्या अटीत बसला असता का? अर्जावर स्वादुपिंड लिहिलेलं नाही म्हणून बाजूला पडला असता. म्हणून शब्द असे ठेवा: ‘स्वादुपिंडाच्या कर्करोगाला प्राधान्य, योग्य अर्ज नसल्यास कर्करोगाच्या कोणत्याही मूलभूत संशोधनासाठी’. योग्य अर्जाअभावी एखादं वर्ष कोरडं जाणंही यामुळे टळेल.

निवड समितीवर बसायची इच्छा मात्र सोडून द्या. देणाऱ्याने निवड केली की विद्यार्थ्यावर दडपण येतं आणि काही देशांत देणगीची करसवलतही धोक्यात येते. वर्षातून एकदा विद्यार्थ्याशी भेट आणि कामाचा साध्या भाषेतला एक पानी अहवाल, एवढं करारात मागा. ते आनंदाने देतील.

एक कलम करारात असायलाच हवं: हा पुरस्कार मिळाला म्हणून विद्यार्थ्याची दुसरी कोणतीही मदत कापली जाणार नाही. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बाहेरून पैसा आला की विद्यापीठ स्वतःचा हिस्सा तेवढाच कमी करतं, असं घडतं. मग विद्यार्थ्याच्या हातात पहिल्याइतकेच पैसे पडतात आणि तुमची देणगी प्रत्यक्षात विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात जिरते. शेवटच्या टप्प्याचा पुरस्कार ठेवला की हा धोका आपोआप कमी होतो, कारण तेव्हा कापायला दुसरी मदतच उरलेली नसते. तरीही लिहून घ्या.

आठही वर्षांचं वचन एकदम देऊ नका. पहिल्या चार वर्षांसाठी २० चा करार करा. चौथ्या वर्षी बघा, विद्यार्थी पीएचडी पुरी करतायत का, अहवाल वेळेवर येतायत का, तुमची तब्येत आणि तुमची पुंजी कशी आहे. सगळं ठीक असेल तर पुढचे २०. नसेल तर थांबा. प्रत्येक वर्षीचा पुरस्कार त्याच वर्षात पूर्ण होत असल्याने थांबलात तरी कुणी अर्ध्यावर लटकणार नाही.

मुलाचं म्हणणं उरलेल्या ६० साठी मला मान्य आहे. ते मृत्युपत्रात विद्यापीठाच्या नावे लिहा, पण आकडा लिहू नका, शिल्लक मालमत्तेची टक्केवारी लिहा. म्हातारपणी खर्च वाढला तर तुमचाही हात मोकळा राहील आणि मुलावरही अन्याय होणार नाही. तोवर चार-आठ विद्यार्थ्यांचा अनुभव गाठीशी असेल, त्यामुळे ती रक्कम अक्षयनिधीत घालायची की पुन्हा मुदतीच्या निधीत, हे त्यात तेव्हा भरता येईल. आणि हे मृत्युपत्र मुलाला दाखवून करा. वडिलांच्या नावाचा पुरस्कार आहे, त्याला परका वाटू नये.

करसवलतीचं थोडक्यात: ती मिळत असेल तर जरूर घ्या, पण हप्ते दरवर्षी दिल्याने सवलतही दरवर्षी विभागून मिळते. एका वर्षातल्या मर्यादेपेक्षा जास्त देणगी दिली की वरच्या रकमेवरची सवलत बऱ्याच ठिकाणी वाया जाते. तुमच्या करसल्लागाराकडून एवढंच तपासून घ्या.

विद्यापीठाला उत्तर लिहाल तेव्हा अक्षयनिधीला थेट नकार देऊ नका. ‘प्रबंधपूर्ती पुरस्कार’ म्हणून चार वर्षांचा मुदतीचा निधी स्वीकाराल का, किमान रक्कम किती, आणि गेल्या काही वर्षांत कर्करोग विभागातले किती विद्यार्थी विद्यावेतन संपल्यावर अडकले, हे विचारा. शेवटचा प्रश्न देणगी विभागाला विचारून भागणार नाही, तो थेट विभागप्रमुखांना विचारा. कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधी मला पाठवा. मदत न कापण्याचं कलम आणि पर्यायी विषयाचं कलम, ही दोन मला स्वतः वाचायची आहेत.