करिअर मार्गदर्शन : गिर्यारोहणाच्या माहितीपटात कड्याखालचे गाव

प्रिय विद्यार्थिनी,

तुमचे पत्र आणि त्यासोबतची तुमची छोटी फिल्म, दोन्ही मी लक्षपूर्वक पाहिली. इतर वाचकांसाठी पत्राचा आशय थोडक्यात सांगते. तुम्ही जनसंवाद विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात, एका गिर्यारोहण संस्थेबरोबर सह्याद्रीत नियमित प्रस्तरारोहण करता आणि गिर्यारोहणाचे माहितीपट दिग्दर्शित करणे हेच आपले काम व्हावे, अशी तुमची इच्छा आहे. अकोले तालुक्यातील एका कड्यावरच्या चढाईची फिल्म तुम्ही पायथ्याच्या गावात दाखवली, तेव्हा एका तरुणाने विचारले की, आमची आजी चुलीपुढे दिसते, पण याच कड्यावर मधासाठी दोराने उतरणारा माझा बाप यात कुठे आहे? त्या प्रश्नाने तुम्ही अस्वस्थ झालात. हे क्षेत्र आपल्यासाठी आहे का, आणि असल्यास पुढे चित्रपटाचे शिक्षण घ्यावे, गिर्यारोहणाचे की आणखी कशाचे, असे तुम्ही विचारले आहे.

क्षेत्र तुमच्यासाठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कड्यावर लटकून कॅमेरा चालवू शकणारे तरुण आता महाराष्ट्रातही बरेच आहेत आणि ड्रोनही सहज मिळतो. पण चढाईच्या भागात राहणाऱ्या माणसांना त्यांच्या कामासह, मतांसह आणि हक्कांसह पडद्यावर आणू शकणारे दिग्दर्शक फार थोडे आहेत. त्या तरुणाचा प्रश्न तुम्ही मनावर घेतलात, म्हणूनच पुढचे शिक्षण त्या दिशेने निवडावे असे मी सुचवते.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा आहे असे मानू नका, त्याला जवळजवळ गिर्यारोहण चित्रपटांइतकाच जुना इतिहास आहे. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत नॉर्थ कोल या खिंडीखालच्या हिमस्खलनात सात भारवाहक मरण पावले आणि खुद्द एव्हरेस्टवरचे हे पहिले नोंदलेले मृत्यू स्थानिक मजुरांचे होते. त्या मोहिमेचे आणि नंतरच्या १९२४ च्या मोहिमेचे चित्रीकरण कॅप्टन जॉन नोएल यांनी केले. १९२४ चा चित्रपट त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षकांना आकर्षित करण्यासाठी तिबेटमधून नेलेल्या लामांना रंगमंचावर नृत्ये करायला लावली होती. चित्रपटात एका मुलाच्या डोक्यातल्या उवा काढून खाल्ल्यासारखे दिसणारे एक दृश्यही होते. लामांचे हे प्रदर्शन आणि ते दृश्य या दोन्ही गोष्टींनी ल्हासाचे, म्हणजे तिबेटचे, सरकार दुखावले गेले. पुढची मोहीम थेट १९३३ मध्येच जाऊ शकली. त्यामागे इतरही राजकीय कारणे होती हे खरे, तरी काही मिनिटांच्या चित्रफितीने आणि रंगमंचावरच्या त्या करमणुकीने पर्वताचा रस्ता बंद करायला मोठा हातभार लावला. १९२४ च्या मोहिमेत शिखराकडे जाताना बेपत्ता झालेल्या मॅलरी आणि अर्व्हिन यांच्या शेवटच्या चढाईची कहाणी सांगणाऱ्या त्या चित्रपटात पर्वताची दृश्ये आजही थक्क करतात. मात्र पायथ्याच्या माणसांकडे पाहताना कॅमेऱ्याची नजर कुतूहलाच्या पुढे फारशी जात नाही.

त्यानंतरच्या दशकांत उपहास कमी झाला, पण त्याची जागा कौतुकाच्या एका ठरावीक साच्याने घेतली. हसतमुख, काटक, कधीही न थकणारा, कशाचीही तक्रार न करणारा शेर्पा कितीतरी चित्रपटांत दिसतो. तो ओझे घेऊन चौकटीत येतो, चहा देतो आणि पुढच्या दृश्यात नाहीसा होतो. हे चित्र प्रेमाने रंगवलेले असते, त्यामुळे त्यातला अन्याय चटकन लक्षात येत नाही. जो कधी थकत नाही त्याला विश्रांती लागत नाही आणि जो सदैव आनंदी असतो त्याला विम्याची गरज नसते, असा समज अशा चित्रणातून प्रेक्षकाच्या नकळत पक्का होत जातो.

हा साचा मोडणारे उदाहरण म्हणून जेनिफर पीडम या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा २०१५ चा ‘शेर्पा’ हा माहितीपट तुम्ही हातात वही घेऊन पाहावा. त्याआधीही त्या एव्हरेस्टवर चित्रीकरणासाठी गेलेल्या होत्या. एप्रिल २०१३ मध्ये एव्हरेस्टच्या दुसऱ्या तळावर शेर्पा आणि युरोपीय गिर्यारोहक यांच्यात हाणामारी झाली होती आणि त्या घटनेमागचा असंतोष समजून घेण्यासाठी त्यांनी २०१४ चा हंगाम शेर्पांच्या बाजूने टिपायचे ठरवले. केंद्रस्थानी होते फुर्बा ताशी शेर्पा, ज्यांनी तोवर एकवीस वेळा शिखर गाठले होते. कॅमेरा त्यांच्यामागे खुमजुंग या गावातल्या घरातही जातो. आणखी एका चढाईने विक्रम होणार असला, तरी घरातल्या माणसांना तो विक्रम नको आहे आणि प्रत्येक हंगामात ती जीव मुठीत धरून बसतात, हे आपल्याला शिखर दिसण्याआधीच कळते.

मग १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपात या तुटलेल्या हिमनदीच्या क्षेत्रात बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. त्या जीवघेण्या भागातून ग्राहक, म्हणजे पैसे भरून आलेले गिर्यारोहक, मोजक्या वेळा जातात, तर तंबू, प्राणवायूच्या नळकांड्या आणि अन्न वर पोचवणाऱ्या शेर्पांना एका हंगामात त्याच्या कितीतरी पट फेऱ्या कराव्या लागतात. नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पांनी ती अपमानास्पद मानली आणि त्या वर्षी पुढे काम करायला नकार दिला. या पेचात एक ग्राहक मोहिमेच्या प्रमुखाला विचारतो की, या शेर्पांच्या ‘मालकां’शी बोलता येणार नाही का. दिग्दर्शिका त्यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही. ते वाक्य चित्रपटात ठेवणे आणि त्याच्या आजूबाजूला शेर्पांच्या सभेतले वादविवाद तितक्याच सविस्तरपणे ठेवणे, हाच तिचा निर्णय आहे. निर्णय घेणारी, आपसांत मतभेद असणारी, संप करणारी माणसे म्हणून शेर्पा येथे दिसतात. तुम्हाला हेच संपादन शिकायचे आहे.

यापुढची पायरी म्हणजे स्थानिकांनी स्वतः सांगितलेली गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये दहा नेपाळी गिर्यारोहकांनी जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या के-टू या शिखरावर हिवाळ्यातील पहिली यशस्वी चढाई केली. नेपाळी गिर्यारोहक निर्मल पुर्जा यांच्या, आठ हजार मीटरहून उंच चौदा शिखरांच्या मोहिमेवरचा माहितीपटही त्याच वर्षी जगभर पाहिला गेला. त्यात नेपाळी सहकारी नावानिशी समोर येतात, ही मोठी गोष्ट आहे. तरीही रचना एका नायकाच्या पराक्रमाचीच राहते, असे माझे मत आहे. पाकिस्तानातील भारवाहकांवर इयारा ली यांनी केलेला के-टूविषयीचा २०१५ चा माहितीपट मला या दृष्टीने अधिक उपयोगी वाटतो, कारण त्यात बाल्टी मजुरांची मजुरी, ओझे आणि कुटुंबे हाच मुख्य विषय आहे. मराठी प्रेक्षकालाही हे जवळचे आहे. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचा संघ २०१२ मध्ये पोहोचला, आणि आपल्या या अभिमानाच्या मोहिमांमागेही शेर्पांचे श्रम आहेतच.

आता तुमच्या फिल्मविषयी. तिची छायाचित्रणाची बाजू चांगली आहे, पहिल्या आरोहकाने ओव्हरहँगखाली, म्हणजे पुढे झुकलेल्या खडकाखाली, मेख ठोकतानाचा प्रसंग तर मी पुन्हा पाहिला. पण गाव मात्र सुरुवातीला जेमतेम दिसते : ड्रोनमधून भाताची खाचरे, मग धुरात भाकरी उलटणारी आजी, संथ गतीत, पार्श्वभूमीला बासरी. आजी एकही वाक्य बोलत नाही. दोराचे ओझे वाहणारा मुलगा फक्त पाठमोरा दिसतो आणि श्रेयनामावलीत ‘ग्रामस्थांचे आभार’ एवढेच येते, ड्रोन भाड्याने देणाऱ्याचे मात्र पूर्ण नाव आहे. आग्या मोहोळ कुठल्या कपारीला आहे, तिथे कोणत्या महिन्यात जाऊ नये, कड्याच्या कोणत्या भागातला दगड सुटतो, हे त्या मधवाल्या काकांना तुमच्या संघातल्या कोणापेक्षाही जास्त ठाऊक असणार. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतः लिहिले आहे की, चढाईचा मार्ग बदलण्याचा सल्ला त्यांनीच दिला होता. फिल्ममध्ये मात्र तो निर्णय संघनायकाचा म्हणून येतो. म्हणजे गाव राहून गेले इतकेच झालेले नाही, घडलेली हकिगतच बदलली आहे, आणि माहितीपटात ही गंभीर बाब आहे.

म्हणून प्रवेशअर्जांच्या आधी हे काम पूर्ण करा. गावात पुन्हा जा, पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवा, काकांची मुलाखत त्यांच्या बोलीत घ्या आणि प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ न करता तशीच ठेवा. चित्रीकरणाची संमती घेताना ती फिल्म कुठे कुठे दाखवली जाईल हे समजावून सांगा. एखाद्या कंपनीने ती जाहिरातीसाठी मागितल्यास पुन्हा विचारावे लागेल, हेही लेखी ठेवा. ओझे वाहण्याची मजुरी आणि चित्रीकरणासाठी दिलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे पैसे द्या. काकांना त्यांच्या मोहोळाची नेमकी जागा पडद्यावर नको असेल, तर ती दाखवू नका. तिथे उद्या बाहेरचे लोक पोहोचले तर नुकसान त्यांचे होईल.

शिक्षणाबाबत. तुम्ही पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचा विचार करता आहात, आणि संकलन किंवा ध्वनी शिकण्यासाठी ती संस्था उत्तमच आहे. पण तुम्ही आजवर केलेले काम पाहता, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास हा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन, कारण तिथे माहितीपटाची निर्मिती आणि समाजाचा अभ्यास एकत्र चालतो. दिल्लीच्या जामिया मिलियातील जनसंवादाचा अभ्यासक्रम दुसरा पर्याय म्हणून ठेवा. या दोन्हीकडे प्रवेश न मिळाल्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानववंशशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्या आणि चित्रीकरण सुरू ठेवा. ही तडजोड आहे असे समजू नका, लोकांमध्ये प्रत्यक्ष राहून नोंदी करण्याची जी शिस्त तिथे लागते ती कॅमेऱ्याच्या वर्गात लागत नाही. प्रवेशपरीक्षांचे नियम बदलत असतात, तेव्हा प्रत्येक संस्थेची चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

गिर्यारोहणाचे औपचारिक शिक्षण मात्र टाळू नका. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स पदवीनंतरच्या सुट्टीत करा. जागा बऱ्याच आधी भरतात आणि ‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला जाता येते. हिमालयात काम करायचे असेल तर नेपाळी शिकायला आताच लागा. देवनागरी लिपी आपलीच असल्याने मराठी माणसाला ती तुलनेने लवकर येते, आणि दुभाष्याविना घेतलेल्या मुलाखतीत माणसे मोकळेपणाने बोलतात.

तुमच्या वडिलांनी उत्पन्नाची काळजी व्यक्त केली आहे, ती रास्त आहे. केवळ गिर्यारोहणाच्या माहितीपटांवर घर चालवणारे आपल्याकडे अगदी मोजके आहेत. पहिली काही वर्षे संकलनाची कामे, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या फिल्म आणि गिर्यारोहणाचे साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांचे चित्रीकरण यांवर काढावी लागतील, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. स्वयंसेवी संस्थांच्या कामात तर गावातल्या माणसांशी बोलता येणे हीच पहिली पात्रता असते, त्यामुळे तुम्ही निवडलेली वाट उत्पन्नाच्या दृष्टीनेही वावगी नाही.

नव्याने संकलित केलेली फिल्म तयार झाली की ती आधी गावात दाखवा, आणि मग अर्जासोबत जोडा. मुलाखतीत परीक्षक बहुधा विचारतील की, पहिल्या आवृत्तीत आणि या आवृत्तीत काय बदलले. तेव्हा दोन्ही आवृत्त्या बरोबर घेऊन जा आणि मार्ग बदलण्याचा प्रसंग दोन्हींतून लागोपाठ दाखवा.

तुमची,
करिअर मार्गदर्शक