अंड्यातल्या पेशींना आपली जागा कशी कळते?

वेळासला कासवाची पिल्लं पाहून तुम्ही विचारलंय, की अंड्यात प्रत्येक पेशी नेमक्या जागी पोचते कशी. फार छान प्रश्न. पेशीला वाट आधीपासून पाठ नसते, वाटेतल्या रासायनिक खुणा ओळखत ती सरकते.

 

भावी मज्जारज्जूच्या वरच्या कडेवरून निघणाऱ्या पेशी बघा. कासव, कोंबडी, माणूस, सगळ्यांत त्या असतात. अशी पेशी पुढे पातळ पाय काढते, फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनाला धरते, मागची पकड सोडते. कोंबडीच्या गर्भात पाठीच्या दोन्ही बाजूंना पेशींचे ठोकळे ओळीने असतात. प्रत्येक ठोकळ्याच्या पुढच्या अर्ध्या भागातूनच या पेशी जातात, कारण मागच्या अर्ध्यात एफ्रिन नावाची प्रथिनं त्यांना अडवतात. त्यामुळेच या पेशींपासून बनणाऱ्या कण्यालगतच्या चेतागाठी (चेतापेशींचे पुंजके) ठरावीक अंतरावर येतात. मला हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

या वाटा शोधल्या फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी. लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं दिसतं. त्या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवून कोणती कुठे गेली, हे त्यांनी १९६९ पासून दाखवलं.

मज्जारज्जूच्या कडेवरून निघालेल्या पेशींपैकीच काही आतड्याच्या टोकापर्यंत पोचल्या नाहीत, तर तिथे चेतापेशी तयार होत नाहीत आणि बाळाला शी होत नाही. या आजाराला हर्शस्प्रुंग म्हणतात, त्यावर शस्त्रक्रिया करतात.