लिंक्डइनवरून कामं कशी मिळतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचा ड्रॉइंग आणि डिझाइनचा व्यवसाय आहे, माणसं तीन. लिंक्डइनवर फर्मच्या नावानेच खातं उघडलं होतं. आता सगळे म्हणतात, कंपनी पेज करा. नेमकं काय करू?

आधी ते खातं दुरुस्त करा. प्रोफाइल खऱ्या माणसाची असावी असा लिंक्डइनचा नियम आहे. नावाच्या रकान्यात फर्मचं नाव किंवा फोन नंबर असेल तर खातं बंद होऊ शकतं आणि जमवलेली कनेक्शन्सही त्याबरोबर जातात. नवं खातं उघडू नका. आहे त्याच खात्यात नावाच्या जागी स्वतःचं नाव टाका, लोगोऐवजी स्वतःचा चेहरा लावा आणि फर्मचं नाव अनुभवाच्या विभागात हलवा. जुन्या ओळखी तशाच राहतील.

मग पेज करा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पेजवरून कुणाला कनेक्शनची रिक्वेस्ट पाठवता येत नाही आणि नव्या पेजच्या पोस्ट मोजक्याच लोकांना दिसतात. छोट्या व्यवसायात गिऱ्हाईक आधी माणसाला ओळखतं. पेजचा उपयोग त्यानंतर, खात्री करून घेण्यासाठी होतो. समोरचा तुमच्या फर्मच्या नावावर क्लिक करतो तेव्हा त्याला लोगो, वेबसाइट, पत्ता आणि कामाचे दोन-चार नमुने दिसायला हवेत. लोगो ४०० × ४०० पिक्सेल ठेवा. कव्हरचा फोटो अगदी पट्टीसारखा, रुंद आणि कमी उंचीचा असतो, त्यामुळे त्याच्या कडेला मजकूर टाकू नका, फोनवर तो कापला जातो. टॅगलाइनला १२० अक्षरं मिळतात.

हमखास चुकतं ते पुढे. तिघांनीही आपापल्या अनुभवात फर्मचं नाव टाइप करताना खाली उघडणाऱ्या यादीतून तेच पेज निवडायला हवं. नुसतं नाव टाइप करून सेव्ह केलं तर लोगोच्या जागी करडा चौकोन राहतो आणि क्लिक केल्यावर पेज उघडत नाही. पेज फॉलो करण्यासाठी दर महिन्याला ठरावीक आमंत्रणं मिळतात आणि स्वीकारलेलं आमंत्रण पुन्हा जमा होतं. म्हणून सुरुवात जवळच्या ओळखीपासून करा.

प्रश्न : हेडलाइनमध्ये "संस्थापक व संचालक" लिहिलं आहे. पुरेसं आहे का?

नाही. हेडलाइनला, म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली दिसणाऱ्या ओळीला, २२० अक्षरं मिळतात, पण कमेंटमध्ये आणि फोनवरच्या शोधयादीत त्यातली सुरुवातीचीच दिसतात. ती पदावर खर्च झाली, तर तुम्ही काय करता ते कुणालाच कळत नाही. कुणासाठी, कोणतं काम आणि कोणत्या अडचणीत, या क्रमाने लिहा : "छोट्या औषध कंपन्यांसाठी लेबल आणि कार्टन छपाई, कमी नगांच्या ऑर्डरही". संचालकपद शेवटी टाका. शब्द गिऱ्हाईक शोधताना वापरेल ते हवेत, तुमच्या धंद्यातले नकोत. ते दुसऱ्या भाषेत शोधत असेल तर प्रोफाइलची त्या भाषेतली आवृत्ती जोडण्याची सोय आहे, ती वापरा.

'अबाउट'ला, म्हणजे स्वतःची ओळख लिहायच्या विभागाला, २६०० अक्षरं आहेत, मात्र न उघडता पहिल्या काही ओळीच दिसतात. तिथे कंपनीचा इतिहास नको. तुम्ही कोणती अडचण सोडवता ते लिहा.

प्रश्न : कारखान्यांना सेफ्टी शूज आणि हातमोजे पुरवतो. रोज पन्नास रिक्वेस्ट पाठवत होतो, स्वीकारली की लगेच माहितीपत्रक. उत्तर कुणाचंच नाही आणि आता रिक्वेस्ट पाठवणंही बंद झालं आहे.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे : अनोळखी माणसाला ओळख व्हायच्या आत काहीतरी विकणं. लिंक्डइनवर रिक्वेस्टना आठवड्याची मर्यादा असते. स्वीकारल्या न गेलेल्या रिक्वेस्टचा ढीग साचला किंवा बऱ्याच जणांनी "या व्यक्तीला ओळखत नाही" असं कळवलं, की बंधन येतं. ते बहुधा काही दिवसांत उठतं. तोवर 'माय नेटवर्क'मध्ये पाठवलेल्या रिक्वेस्टची यादी उघडा आणि महिन्याहून जुन्या मागे घ्या. मागे घेतल्यावर त्याच माणसाला साधारण तीन आठवडे पुन्हा रिक्वेस्ट पाठवता येत नाही, म्हणून जे खरंच हवे आहेत त्यांना हात लावू नका. आणि रिक्वेस्ट आपोआप पाठवणारं ब्राउझर एक्स्टेन्शन लावलं असेल तर आजच काढा. सदस्य-करारात अशा साधनांना साफ मनाई आहे. त्यापायी खातं कायमचं जाऊ शकतं.

आता माणसं निवडा. बूट वापरतो कामगार, पण मागणी नोंदवतो सुरक्षा अधिकारी आणि पैसे मंजूर करतो खरेदी विभाग. सुरक्षा अधिकाऱ्यापासून सुरुवात करा, कारण घसरून पडलेल्या कामगाराचा अहवाल त्यालाच लिहावा लागतो. शोधताना पदाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका. दोन पदं एकत्र शोधायची तर मध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'ऑर' (OR), आणि नको ती वगळायला 'नॉट' (NOT). हे शब्द स्मॉल अक्षरांत लिहिले तर शोधयंत्र त्यांना साधे शब्द समजतं. मोफत खात्यात अशा शोधांना महिन्याची मर्यादा आहे, ती १ तारखेला पुन्हा सुरू होते. नावाने शोधलं तर ते त्यात धरलं जात नाही.

तीस जणांची यादी पुरते. त्यांच्या पोस्ट दोन आठवडे वाचा आणि जिथे तुमच्या माहितीने भर पडेल तिथेच कमेंट करा. "छान माहिती" ही कमेंट कुणाच्या लक्षात राहत नाही. मग रिक्वेस्ट पाठवा आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी. मोफत खात्यात अशा चिठ्ठ्या दरमहा थोड्याच मिळतात, म्हणून त्या या तीस जणांसाठी राखून ठेवा. रिक्वेस्ट स्वीकारल्यानंतरचा पहिला मेसेज साधारण असा असावा :

"नमस्कार. तेलकट फरशीवर बूट टिकत नाहीत, असं तुम्ही लिहिलं होतं. नायट्राइल रबराचा तळवा तेलाला जास्त दाद देत नाही. तुमच्याकडे फरशीवर कोणतं तेल किंवा रसायन सांडतं ते कळवलंत, तर कोणता तळवा चालेल ते सांगतो."

यात दर नाही, माहितीपत्रक नाही, भेटीची मागणी नाही. समोरच्याला एका ओळीत देता येईल असा एकच प्रश्न आहे. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच लिहा, तेही काही नवं सांगायचं असेल तरच. "मेसेज पाहिलात का?" असं विचारू नका. त्यानंतर थांबा. कमेंटमधून ओळख टिकते आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तो माणूस स्वतःहून विचारतो.

प्रश्न : पोस्टला लाइक मिळतात, ऑर्डर नाही.

लाइक कुणाचे आहेत ते पाहा. पोस्टच्या आकडेवारीत ती पाहणाऱ्यांची पदं आणि क्षेत्रं दिसतात. तिथे तुमचेच व्यवसायबंधू आणि जुने सहकारी असतील, तर पोस्ट चुकीच्या वाचकासाठी लिहिली जाते आहे. दिवाळीच्या शुभेच्छा, नवं मशीन, पुरस्काराचा फोटो यांना लाइक मिळणारच. खरेदी करणारा थांबतो तो त्याच्या अडचणीपाशी.

पोस्टला ३००० अक्षरांची मुभा असली तरी सुरुवातीच्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. "आम्हाला कळवण्यास आनंद होतो की" या सुरुवातीने त्या ओळी वाया जातात. "ओल्या गोदामात ठेवलेल्या कार्टनची लेबलं का सुटतात?" ही सुरुवात बरी. पुढे कारण, ओळखायची खूण, उपाय आणि तो उपाय कुठे चालत नाही तेही. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, पण विश्वास नेमका त्यानेच बसतो.

तपशील जास्त असेल तर पीडीएफ जोडा, वाचक पानं सरकवत वाचतो. सहा-आठ पानं, चौकोनी किंवा उभी, एका पानावर एकच मुद्दा, अक्षर फोनवर वाचता येईल इतकं मोठं. एकदा टाकलेली फाइल बदलता येत नाही, तेव्हा आधी फोनवर उघडून बघा. कामाचा फोटो टाकताना मागच्या फळ्यावर गिऱ्हाइकाचं नाव किंवा ड्रॉइंग दिसत नाही ना, ते तपासा, आणि परवानगी लेखी घ्या. वीस जणांना टॅग करणं टाळा.

आठवड्याला एक चांगली पोस्ट पुरते, पण कमेंटना त्याच दिवशी उत्तर द्या. हिशोबासाठी वेबसाइटच्या लिंकला यूटीएम टॅग (वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) लावा आणि प्रत्येक चौकशीला "आमच्याबद्दल कुठे कळलं?" हे विचारून वहीत नोंदवा. बरेच जण पोस्ट वाचून थेट फोन करतात, ते कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

प्रश्न : पेज सांभाळणारी मुलगी नोकरी सोडून गेली. आता पेजमध्ये शिरताच येत नाही.

ती संपर्कात असेल तर तिच्याकडूनच तुम्हाला सुपर ॲडमिन (पेजचे सगळे अधिकार असलेला) करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तर आधी तुमच्या प्रोफाइलवर त्या पेजला जोडलेलं सध्याचं पद असल्याची खात्री करा, मग पेजवरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून ॲडमिन होण्याची विनंती पाठवा. यापुढे सुपर ॲडमिन नेहमी दोन ठेवा, त्यातले एक मालक. पोस्ट टाकणाऱ्याला कंटेंट ॲडमिन एवढाच अधिकार पुरे.

प्रश्न : स्पर्धक माझ्या कनेक्शनमधून गिऱ्हाइकं शोधतात असं वाटतं.

सेटिंग्जमध्ये 'व्हिजिबिलिटी', त्यात 'कनेक्शन्स', आणि यादी फक्त स्वतःला दिसेल असं करा. सामाईक कनेक्शन्स तरीही दिसतात. तेव्हा स्पर्धकाची रिक्वेस्ट स्वीकारताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न : जाहिरातींवर पैसे घालू का?

सुरुवातीला नको. जाहिरात चालायला किमान ३०० सदस्यांचा गट लागतो आणि इथला एक क्लिक इतर समाजमाध्यमांपेक्षा सहसा महाग पडतो. कोणत्या पोस्टमुळे चौकशी येते हे आधी फुकटात कळू द्या. मग त्याच पोस्टला थोडे पैसे लावून पाहा.

प्रश्न : गिऱ्हाईक तोंडभर कौतुक करतं, पण शिफारस लिहायचं राहून जातं.

काम संपल्याच्या आठवड्यातच विचारा. "शिफारस लिहा" एवढंच म्हटलं तर समोर कोरं पान असतं, म्हणून तीन प्रश्न द्या : आमच्याकडे येण्याआधी अडचण काय होती, आम्ही नेमकं काय केलं, त्यानंतर काय बदललं? मजकूर स्वतः लिहून देऊ नका, सगळ्या शिफारसी एकाच आवाजात बोलायला लागतात. आलेली शिफारस तुम्ही मान्य केल्याशिवाय प्रोफाइलवर दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी परतही पाठवता येते. मात्र "तुम्ही माझी लिहा, मी तुमची" हा सौदा करू नका. शिफारशीखाली तारीख असते, आणि एकाच दिवशी एकमेकांना दिलेल्या शिफारसी चाणाक्ष खरेदीदाराच्या लगेच लक्षात येतात.