वाचकांचे प्रश्न : चोडणला जायचे, पण ओहोटी पाहून

प्रश्न : डिसेंबरात दुपारी बाराला गोव्यातल्या चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात गेलो. तासभर फिरूनही चार-दोन बगळेच दिसले. आता आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई यांना घेऊन पुन्हा जायचे आहे. कोणती वेळ धरावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : महिना बरोबर होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच पाहुण्या पक्ष्यांचा काळ. चुकली ती वेळ. भरतीच्या वेळी खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीतला) चिखल पाण्याखाली असतो, मग पक्ष्यांना खायला काही उरत नाही आणि ते कांदळाच्या (खारफुटीच्या झाडांच्या) आत जाऊन बसतात. त्यात दुपारचे ऊन.

म्हणून आधी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. चोडण समुद्रापासून आत, मांडवी नदीत असल्याने तिथे पाणी थोडे उशिरा उतरते. ढोबळ हिशेब तिथीवरूनही होतो: पौर्णिमा-अमावास्येनंतर तीन-चार दिवसांनी ओहोटी सकाळी साधारण आठच्या सुमारास येते आणि पुढे रोज सुमारे 50 मिनिटे सरकते. दिवसातल्या दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात, तेव्हा तक्त्यात वेळेशेजारची उंचीही वाचा. आकडा अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर चिखल भरपूर उघडा पडतो. पूर्ण ओहोटीच्या दोनेक तास आधी आत शिरा. पाणी मागे हटते तसे तुतवार (चिखलात चरणारे छोटे पक्षी) आणि बगळे त्याच्या कडेकडेने चरत पुढे सरकतात, आणि पाहण्यासारखे असते ते हेच.

रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलात की अभयारण्य चालत जाण्याइतके जवळ आहे. क्षेत्र 1.78 चौरस किलोमीटरच, त्यामुळे घाई नको. पायवाटेवर भरतीचा गाळ नि शेवाळ राहते. गुळगुळीत तळव्याची चप्पल इथेच दगा देते. सासूबाईंना खाचांच्या तळव्याचे, मागे पट्टा असलेले पादत्राण द्या आणि हात धरा. चालणे झेपणार नसेल तर त्यांच्यासाठी होडी बरी, मात्र तिला पाणी लागते. ओहोटीत ती आतल्या चिंचोळ्या फाट्यांत शिरत नाही, तेव्हा होडीचा बेत भरतीला धरा आणि आधी विचारून ठेवा.

मुलीला पक्ष्यांआधी चिखल दाखवा. वाटेवर तीन मिनिटे न हलता उभे राहिलात की खेकडे बिळांतून वर येतात. नराची एकच नांगी भलीमोठी असते, ती तो वरखाली हलवत राहतो. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरपटतात. सावली हलली की सगळे गडप! दुर्बीण 8 पटीची पुरे, 10 पटीची लहान हातात थरथरते.

वाट सोडून मात्र कुणीही उतरू नये. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोके म्हणजे तिवराची, कांदळातल्याच एका झाडाची, श्वसनमुळे. त्या चिखलात हवा नसते, झाड ओहोटीत या मुळांनीच ती घेते. पायाखाली ती मोडतात. शिवाय या पाण्यात मगरी आहेत, काठावर बसून पाय सोडू देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात गेले तर चालेल?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : हिरवळ पाहायला चालेल. पण पाहुणे पक्षी नसतात आणि वाट फार निसरडी होते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर नकोच.