विचारा, संकोच नको : विंडोज १० संपलं, क्रॅक चालतंय, आता काय?

या वेळी टपालात आणि मेलवर जवळपास सगळे एकाच विषयावर आलेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं गाळली आहेत, कारण दोघातिघांनी लिहिलंय की "क्रॅक वापरतो हे छापू नका" (क्रॅक म्हणजे पैसे न भरता, कुलूप तोडून चालवलेलं सॉफ्टवेअर).

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज १० आहे, सारखा मेसेज येतो की सपोर्ट संपला. दुकानदार म्हणाला हा आता भंगार, नवीन घ्या. मी त्यावर बँक, मेल आणि नातवाशी व्हिडिओ कॉल एवढंच करतो. खरंच टाकून द्यायचा? (निवृत्त शिक्षक, कराड)

सर, अजिबात टाकू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, फक्त त्या दिवसानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं मायक्रोसॉफ्ट आपोआप बुजवत नाही, आणि बँकेचं काम करणाऱ्या माणसाला तेवढंच महत्त्वाचं, बाकी मेसेज नुसते घाबरवायला असतात.

आधी बघा की विंडोज ११ बसतं का. की-बोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकट उघडेल, त्यात इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाइप करून एंटर मारा. टीपीएम म्हणजे सिक्युरिटीची चिप, विंडोज ११ ला ती लागते. उजवीकडे खाली व्हर्जन २.० दिसलं तर अर्धी लढाई जिंकली, आणि काहीच सापडलं नाही असं आलं तरी लगेच हाय खाऊ नका, कधीकधी ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) नुसतं बंद करून ठेवलेलं असतं. मग प्रोसेसर बघा. इंटेल असेल तर ढोबळ हिशोब असा की आय५-७२०० मधला ७ म्हणजे सातवी पिढी, ती चालत नाही, आय५-८२५० मधला ८ म्हणजे आठवी, ती चालते. साधारण २०१८ नंतर घेतलेला असेल तर बहुतेक बसेल आणि अपग्रेडला पैसे पडत नाहीत.

नाहीच बसलं तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट जाहीर केलेत, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. तेही नको असेल तर नातवाला सांगून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून घ्या, तुमची तिन्ही कामं ब्राउझरमध्येच होतात की. आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, नवीन लॅपटॉपचा निम्मा आनंद तिथेच मिळतो. दुकानदार हे का सांगत नाही ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : लॅपटॉप फॉरमॅट करताना रिपेअरवाल्याने ५०० रुपयांत विंडोज प्रो टाकून दिलं आणि सांगितलं अपडेट कधी चालू करू नका. दोन वर्षं मस्त चाललंय. मग बिघडलं काय? (किराणा दुकानदार, लातूर)

बिघडलं ते त्या "अपडेट चालू करू नका" मध्येच आहे. लोक मला पायरसीचं विचारतात तेव्हा त्यांना वाटतं मी आता चोरी पाप आहे वगैरे सुरू करणार. ते राहू द्या बाजूला. माझा प्रश्न एकच असतो, तुमच्या मशीनवर पॅच (भोक बुजवणारा अपडेट) येतोय का? येत नसेल तर तुमचं क्रॅकचं विंडोज आणि कराडच्या सरांचं जुनं विंडोज १० एकाच बोटीत, उलट तुमची बोट जास्त गळकी, कारण सरांच्या मशीनमध्ये निदान कोणी आधीच हात घातलेला नाही.

२०१७ चं वॉनाक्राय आठवतंय का? १२ मे ला जगभर कॉम्प्युटर लॉक व्हायला लागले, स्क्रीनवर लाल चौकट, फायली हव्या तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी देऊन ठेवला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या मशीनमध्ये तो किडा त्या भोकातून शिरू शकला नाही.

दुसरी गोष्ट, क्रॅक चालवताना पहिली सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा आणि ॲडमिन म्हणून चालवा. म्हणजे वॉचमनला सुट्टी द्या आणि तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्या. सगळ्या क्रॅकमध्ये किडा असतोच असं नाही, पण कुठल्यात आहे ते तुम्हाला कळणार कसं? मी स्वतः एकदा मित्रावर उपकार म्हणून नेटवरून ॲक्टिवेटर (क्रॅकचाच एक प्रकार) उतरवून दिला होता, महिन्याभरात त्याच्या ब्राउझरमध्ये आपोआप जुगाराची पानं उघडायला लागली आणि मग मेलचा पासवर्डच बदललेला, बारा वर्षांचे फोटो त्या खात्यात होते. तो अजून बोलतो माझ्याशी, पण कॉम्प्युटरचं काही विचारत नाही.

आता तुमच्यासाठी कामाची गोष्ट, नीट वाचा. लॅपटॉप घेताना त्यात विंडोज होतं का? असेल तर विंडोज ८ च्या काळापासून बहुतेक कंपन्या अस्सल की (विंडोजचा परवाना नंबर) मदरबोर्डच्या चिपमध्येच घालून देतात, फॉरमॅट केलं तरी ती जात नाही. ती बहुतेक वेळा असते होम एडिशनची (घरगुती आवृत्तीची), आणि रिपेअरवाले सवयीने सगळ्यांना प्रो टाकतात, मग की जुळत नाही, मग क्रॅक मारतात, आणि तुमच्याच पैशाने घेतलेलं अस्सल विंडोज काढून वर ५०० रुपये घेतात! डेटा आधी बाहेर काढून घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवा, होम टाका, नेट जोडा, बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिवेट होतं. "डॉसवाला" (विंडोज न घालता विकलेला) स्वस्त लॅपटॉप घेतला असेल तर मात्र की नसते, विकत घ्यावी लागेल.

काय टाकलंय ते तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये cmd शोधलं की येणारी काळी चौकट) एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) टाइप करा. घरच्या लॅपटॉपवर पुढच्या सहा महिन्यांतली एखादी एक्स्पायरीची तारीख दिसली तर समजा की कंपन्यांसाठी असलेली, एका वेळी १८० दिवस चालणारी ॲक्टिवेशनची पद्धत कोणीतरी खोटी चालवतंय. कायमचं ॲक्टिवेटेड असं आलं तरी ते अस्सलच असेल याची खात्री मात्र नाही. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या कीचंही तसंच, आज चालते, उद्या ब्लॉक झाली की विकणारा फोन उचलत नाही.

आणि तुमचा धंदा आहे म्हणून एवढं सांगतो, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. माहीत असून पायरेटेड प्रोग्राम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. दुकानाचं बिलिंग त्याच मशीनवर असेल तर ती सवलत विसरा.

प्रश्न : हॉस्टेलवर सगळेच क्रॅक वापरतात. बिल गेट्सला काय फरक पडतो? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नांदेड)

आज नाही पडत, पण १९७६ मध्ये पडला होता. तेव्हा त्याने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून ठणकावलं होतं की आमचं बेसिक (प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) तुमच्यातले बहुतेक जण चोरून वापरता. पुढे १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना तोच म्हणाला की चोरायचंच असेल तर आमचं चोरावं, म्हणजे सवय लागेल. बघ म्हणजे, कॉलेजात क्रॅकवर हात बसला की नोकरीत कंपनी तेच विकत घेते, त्याचं नुकसान फारसं नाहीच. मार बसतो तो आपल्याकडे मराठी फॉन्ट आणि टायपिंगची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या लोकांना, ज्यांच्या सीडीची एक कॉपी अख्ख्या तालुक्यात फिरायची.

तुला तर क्रॅकची गरजच नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट देतं, दरवर्षी रिन्यू करायचं. रिपोर्ट लिहायला लिब्रेऑफिस, पोस्टरला इंकस्केप. कॉलेजच्या मेल आयडीवर काय काय मिळतं ते लॅबच्या सरांना विचार, बऱ्याच सरांनाच ते माहीत नसतं.

प्रश्न : नवीन विंडोज आलं की लगेच घ्यावं का? (ठाणे)

नाही. २००७ मध्ये व्हिस्टा घेतलेले लोक परत एक्सपीकडे पळत आले होते, २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्टचं बटणच गायब केलं आणि वर्षभरात ८.१ मध्ये गुपचूप परत आणून ठेवलं. वर्षभर थांबा, बाकीच्यांना ठेच लागू दे. पण सिक्युरिटी अपडेट आणि नवीन विंडोज यात गल्लत नको, थांबायचं ते विंडोजसाठी, दर महिन्याचे अपडेट मात्र आले की घ्यायचे.

प्रश्न : माझा डीटीपीचा धंदा, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक. सगळं पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर), जुन्या मराठी फॉन्टवर, मशीन विंडोज ७. अपग्रेड केलं तर वीस वर्षांचं काम उघडेल का? (जळगाव)

उघडेल अशी हमी मी देणार नाही. पेजमेकर ७ आलं २००१ ला, त्यानंतर ॲडोबीने ते पुढे नेलंच नाही आणि त्याला युनिकोड (आज सगळीकडे चालणारी मराठी अक्षरांची पद्धत) कळत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यात जुन्या जमान्यातले १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, आणि जुन्या पॅकेजांचे इन्स्टॉलरच कधीकधी १६ बिटचे असतात. फॉन्टच्या डाँगलचा (फॉन्ट चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, मिळेल का हा आणखी वेगळा ताप.

म्हणून ते मशीन आहे तसं ठेवा, फक्त नेटची वायर काढा आणि वायफाय बंद करा, कायमचं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. व्हॉट्सॲप, मेल, बँक या सगळ्याला दुसरं नवीन मशीन. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनला लावून स्कॅन करा, फोल्डरांचे शॉर्टकट करणारा तो व्हायरस पत्रिकेच्या सीझनमध्ये हमखास येतो. नवीन कामं युनिकोडमध्ये सुरू करा, आणि जुन्यातली परत लागणारी तेवढी फॉन्टसकट पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवा. मे महिन्याच्या गर्दीत हे होणार नाही, पितृपक्षात करा, तेव्हा पत्रिकांचं काम नसतं.