गोड गोळी आणि आजींची शंका

एचआयव्हीबाधित लहान मुलांचे पालक अनेकदा विचारतात की, पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गोळीने एवढा मोठा आजार खरोखर आटोक्यात राहील का. काळाचौकीच्या चाळीतून आमच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रात) येणाऱ्या एका आजींची शंका याच जातीची, पण अधिक नेमकी होती. सून आणि तीन वर्षांची नात दोघींचे उपचार चालू होते. सून कामाला जात असल्याने नातीला औषध देणे आजींकडे होते. त्यांनी दोघींच्या डब्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "हिच्या आईच्या डबीवर पन्नास लिहिलंय, हिच्या डबीवर दहा. त्यात गोड. मॅडम, कडू असल्याशिवाय औषध लागू पडतं का? त्यापेक्षा आईच्याच गोळीचा तुकडा कुटून देते."

डबीवरचा आकडा त्यांनी बरोबर वाचला होता. मात्र दोघींच्या गोळ्यांतले डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरील औषध विरघळणाऱ्या गोळीतून अंगात अधिक शोषले जाते; त्यामुळे अशा 10 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या मोठ्यांच्या 50 मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या जवळपास जातात. तेरा किलोच्या नातीला दिवसातून एकदा दोन गोळ्या, म्हणजे मात्रा पुरेशी होती. आईच्या गोळीत याशिवाय टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही आणखी दोन औषधेही असतात, आणि त्या गोळीतील टेनोफोव्हिर एवढ्या लहान मुलाला देत नाहीत. तेव्हा तुकडा कुटण्याचा विचार सोडायलाच हवा, असे मी स्पष्ट सांगितले.

चवीचा प्रश्न मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नात पूर्वी लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरील जुन्या औषधांचे सिरप घेत असे. ते कमालीचे कडू असते आणि त्यात 42 टक्के अल्कोहोल असते. आजी तिला मांडीत आडवी घेऊन नाक दाबत, आणि तरीही अर्धे औषध फ्रॉकवर सांडे. सांडलेले किती आणि पोटात गेलेले किती, हे कोणालाच सांगता येत नाही. औषध असे अर्धवट जात राहिले की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. म्हणून गोडवा हा लाड नसून उपचाराचाच भाग आहे. ओडिसी या एचआयव्हीबाधित मुलांवरील औषध-चाचणीत 14 किलोंहून कमी वजनाच्या मुलांमध्ये 96 आठवड्यांपर्यंत उपचार अयशस्वी होण्याचे प्रमाण डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांत सुमारे 28 टक्के, तर इतर प्रचलित औषधे घेणाऱ्यांत सुमारे 48 टक्के होते. ही गोळी स्वस्तात बनवण्यासाठी 2020 मध्ये जे करार झाले, त्यांत आपल्या मुंबईतल्या अंधेरीचीच मॅक्लिऑड्स कंपनी होती, हे ऐकून आजींना जरा धीर आला. आकडेवारीपेक्षा अंधेरीचा पत्ता अधिक उपयोगी पडला, असे माझे मत आहे.

त्या दिवशीचा डोस द्यायचा राहिलाच होता. आजींनी माझ्यासमोर वाटीत दोन लहान चमचे पिण्याचे पाणी घेतले, दोन्ही गोळ्या टाकून ढवळल्या आणि नातीला पाजले. वाटीच्या तळाशी उरलेला गाळही पाणी घालून द्यायचा, आणि विरघळवलेले औषध अर्ध्या तासाच्या आत संपवायचे, एवढे मी जोडले. सोबत द्यायच्या इतर दोन औषधांची, अबॅकाव्हिर-लॅमिव्हुडिनची, गोळीही तशीच विरघळवायची होती.

निघताना त्यांनी विचारले, मोठी झाल्यावरही दोनच का? दर भेटीत वजन घेऊ, चौदा किलो झाल्यावर मात्रा अडीच गोळ्यांची होईल, आणि वीस किलोनंतर, गिळता येऊ लागल्यावर, तिला 50 मिलिग्रॅमची गोळी देता येईल, असे मी त्यांच्या वहीत लिहून दिले.