दुचाकीचा सल्ला: चौदा वर्षांची अ‍ॅक्टिव्हा घेऊ का?

प्रश्न: मी आष्ट्याला राहते, सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. सकाळी सातच्या ड्युटीला एसटीचा मेळ बसत नाही आणि परतताना बऱ्याचदा रात्रीचे आठ वाजतात. भावाच्या ओळखीतून ऑगस्ट २०११ च्या पासिंगची अ‍ॅक्टिव्हा मिळतेय. गाडी सांगलीच्या गावभागातली आहे. मीटर ४१,००० किलोमीटर, रंग नुकताच मारलाय, किंमत २८,००० सांगतात. इंजिन अजून उघडलेलं नाही म्हणे. विकणारे दुसरे मालक आहेत, पण आरसी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर आहे. भाऊ म्हणतो घेऊन टाक, मिस्टर म्हणतात नवीनच घे, पण हप्ता झेपणारा नाही. काय करू?
— एक वाचक, आष्टा (जि. सांगली)

उत्तर: ताई, २८ हजारांना ही गाडी घेऊ नका. कमी किमतीत घ्यायची का, ते फुटबोर्डाखालचं लोखंड बघून ठरवा.

इंजिनाची काळजी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा कमी करा. २०११ ची अ‍ॅक्टिव्हा १०९ सीसीची, कार्बोरेटरवाली. तिचं काम आष्ट्यातला कुठलाही मिस्त्री करतो आणि पार्ट सगळीकडे मिळतात. बोर-पिस्टन करावं लागलं तरी सात-आठ हजारांत गाडी परत उभी राहते. चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, सडली असेल तर मात्र वेल्डिंग मारून रोज हमरस्त्यावर चालवण्यासारखी ती राहत नाही. माझ्या गॅरेजमध्ये अशी गाडी आली तर मी काम घेत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

मला खटकतंय ते ‘गावभाग’, म्हणजे सांगलीचा नदीकाठचा जुना भाग, आणि ‘नुकताच मारलेला रंग’ हे दोन्ही एकत्र येणं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा शिरलं. त्या दोन्ही वेळी पाणी ओसरल्यावर आमच्या दारात गाळाने भरलेल्या गाड्यांची रांग होती. नीट खोलून, धुऊन, वायरिंग बदलून दिलेल्या गाड्या आजही चालतात. पण काहींनी वरवर धुऊन, सुकवून, रंग मारून विकल्या. तुमची गाडी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. गाडी त्या वेळी कुठे होती हे सरळ विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी स्वतः बघा.

फुटबोर्डावरची रबरी मॅट उचला. सीटखालचा डबा काढायला लावा आणि पेट्रोलच्या टाकीची खालची बाजू टॉर्चने बघा. रंगवाल्याचा हात तिथे पोचत नाही. मग गाडी साइड स्टँडवर घेऊन खालून चासीच्या पाइपवर, विशेषतः जोडांवर, पान्याने ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले, तर तिथेच नमस्कार करून परत या. हेडलाइटची काच उघडायला लावली तर आत गाळाची रेघ दिसते, आणि वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सोडले तर पाण्यात राहिलेल्या तांब्यावर हिरवा थर. बाजूच्या पत्र्यांना घरातलं लोहचुंबक लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

बघायला जाल तेव्हा ‘आधी गाडी चालू करू नका’ असं फोनवर सांगून ठेवा. पोचल्यावर सायलेन्सरजवळ हात न्या. गरम लागला, तर थंड गाडी चालू व्हायला त्रास देते हे लपवलंय असं समजा. तेलाची काडी काढा. तेल काळं असेल तर ते नुसतं जुनं आहे, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. चालू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर इंजिन तेल खातंय. सुटताना गाडी थरथरली तर क्लच शू झिजलेत, चढावर आवाज वाढून वेग वाढत नसेल तर बेल्ट-रोलर. क्लच आणि बेल्ट-रोलर मिळून अडीच-तीन हजारांचं काम आहे. त्यासाठी गाडी नाकारू नका, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. या मॉडेलला मीटरची वायर पुढच्या चाकातून येते. ती तुटली की गाडी चालते आणि आकडा तिथेच थांबतो. मुठीचं रबर, ब्रेकचे लिव्हर, चावीचं भोक किती झिजलंय त्यावरून अंदाज घ्या. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचा असेल तर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा आहे असं धरा.

आता कागद. आरसी १५ वर्षांची, म्हणजे ही ऑगस्ट २०२६ ला संपते. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याची फी १,०००, पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा, जुन्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसली नसेल तर ४५० अधिक जीएसटी. आरटीओत चासी नंबर तपासतात. तो गंजून पुसला असेल तर सगळंच अडतं. म्हणून तो नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बँकेचा बोजा, विमा आणि थकलेली चलनं बघा.

पहिल्या मालकाच्या सह्या केलेले २९-३० नंबरचे फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे टीटी फॉर्म, विकणाऱ्याकडे असतील आणि तो म्हणेल ‘तुमचं नाव टाका’. तेवढ्यावर पैसे देऊ नका. पहिल्या मालकाला भेटा किंवा फोन लावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय की रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची जबाबदारीही त्याच्यावर. त्यामुळे नाव बदलणं त्या माणसाच्याही हिताचं आहे, तो बहुधा आनंदाने येईल. तो सापडतच नसेल, तर गाडी कितीही छान असली तरी सोडा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती सगळ्यात जास्त लागून राहिली आहे. रात्री आठला सांगली-आष्टा रस्ता. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, मागे धड रिफ्लेक्टर नाही. या जुन्या अ‍ॅक्टिव्हाचा हेडलाइट इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, वेग कमी केला की उजेडही कमी होतो. म्हणजे खड्डा किंवा ट्रेलर बघून तुम्ही हळू होता, नेमका तेव्हाच उजेड मंदावतो. गाडी अंधार पडल्यावर चालवून बघा. घेतलीत तर काच आणि रिफ्लेक्टर नवे टाका, दोन्ही ब्रेक शू बदला, आणि जॅकेटवर चमकती पट्टी लावल्याशिवाय निघू नका.

चासी निरोगी आणि पहिला मालक सहीला तयार असेल तर १५-१६ हजार द्या. नूतनीकरण आणि नाव विकणाऱ्याने करून दिलं तर २० हजारांपर्यंत जा. नाहीतर थोडं थांबून २०१७ एप्रिलनंतरची गाडी शोधा. तिचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, आणि आरसीची बरीच वर्षं शिल्लक असतात. पैसे जास्त लागतील, पण रोजच्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरला मला ती जास्त पटते. मिस्टरांना आणि भावाला, दोघांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न: १९९६ ची कायनेटिक होंडा ८,००० ला मिळतेय. रविवारी फिरवायला घेऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर: आवड असेल तर घ्या, पण आधी आरसीचं नूतनीकरण २०११ पासून होत आलंय का ते बघा. राहिलं असेल तर उशिराच्या दंडासकट किती होतात ते आरटीओत विचारा, त्यातच गाडीच्या किमतीएवढे पैसे जाऊ शकतात. ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी, तेलाची टाकी वेगळी. तेलाचा पंप नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत लांब नेऊ नका, तेल थांबलं की पिस्टन जाम होतो. वर्षानुवर्षं उभी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचं किट आधी बदला. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. बॉडीचे पार्ट फुटलेले असतील तर ते मिळवायला जुन्या बाजारात खूप हिंडावं लागेल. म्हणून इंजिन बिघडलेली पण बॉडी धड असलेली गाडी मी आधी घेईन.